हंगाम सांभाळून घेतलेली पदवी

डिप्लोमा झालेल्या मुलाला आमच्या भागात पहिला प्रश्न येतो तो हाच : "मग डायरेक्ट सेकंड इयर कुठं?" विचारणारा मायेनंच विचारत असतो. तंत्रनिकेतनाची तीन वर्षं संपली की अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घ्यायचा आणि आणखी तीन वर्षांत इंजिनिअर व्हायचं. रस्ता सरळ आहे, आणि चिखलीत तर अभियांत्रिकी महाविद्यालय गावातच आहे. मला तो रस्ता धरता आला नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा हाती आला त्या वर्षी वडिलांचं आजारपण निघालं, धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती आणि शेती कोरडवाहू. पगार कुणाचा तरी सुरू होणं गरजेचं होतं. तो माझा झाला. चिखलीजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी मेन्टेनन्सला लागलो आणि बारा-तेरा वर्षं तिथंच राहिलो. पदवी तिथंच असताना घेतली, नोकरी न सोडता, आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातून. त्या सगळ्या काळात काय हाती लागलं ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण माझ्यासारखे डिप्लोमावाले बुलढाणा जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास उभा राहतो आणि होळीपर्यंत, एखाद्या वर्षी त्याच्याही पुढं चालतो. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. आत डबल रोलर जिनांच्या ओळी, प्रत्येक जिनाला स्वतःची मोटर, सरकी एकीकडं पडते, रुई दुसरीकडं जाते आणि शेवटी प्रेसमधून १७० किलोची गाठ बाहेर येते. माझं काम या साखळीत कुठंही खंड पडू न देणं. जळालेला कॉन्टॅक्टर बदलायचा, ओव्हरलोड रिले का पडला ते बघायचं, पॅनेलमधली रुईची धूळ काढायची. जिनिंगमध्ये धूळ आणि ठिणगी एकत्र आली की काय होतं ते ज्यानं एकदा पाहिलंय तो पॅनेलचं दार उघडं ठेवत नाही. डिप्लोमात शिकलेलं इथं रोज कामाला आलं. हे मी आवर्जून सांगतो, कारण पदवीचं कौतुक करताना लोक डिप्लोमाला कमी लेखतात. मला तो आजही माझ्या शिक्षणाचा पाया वाटतो.

पण काही प्रश्नांना डिप्लोमा पुरत नव्हता. एकच मोटर पहाटेच्या पाळीत दोन-दोनदा ट्रिप व्हायची आणि दुपारी बिनतक्रार चालायची. सगळे म्हणायचे, ओलावा. कापसातल्या ओलाव्याचं महत्त्व आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढं १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि १२ च्या वर माल परत. तेव्हा पहाटेचं दव, ओला कापूस, रोलरवर वाढलेला भार, हा खुलासा पटण्यासारखाच होता. पण पहाटे व्होल्टेजही वेगळं असतं, रोलरची झीज प्रत्येक जिनाची वेगळी असते आणि रात्रपाळीचा माणूस थकलेला असल्यानं कापूस एकदम टाकला जातो. या चारांपैकी कशाचा वाटा किती? वीज, यंत्र, शेती आणि माणूस यांची ही गुंतागुंत सोडवायला एका विद्याशाखेचं पुस्तक पुरणारं नव्हतं. मी लॉगबुकात रोज आकडे लिहीत होतो आणि त्या आकड्यांचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

शोधाला सुरुवात एनपीटीईएलपासून झाली. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं तिथं फुकट मिळतात. हा उपक्रम २००३ पासूनचा आहे, पण आमच्यापर्यंत तो पोचला मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्यावर. ऑफ सीझनमध्ये ओव्हरहॉलिंगचं काम संपवून रात्री मी संख्याशास्त्राची व्याख्यानं ऐकू लागलो. निम्मं कळायचं, निम्मं डोक्यावरून जायचं, पण जे कळायचं ते दुसऱ्या दिवशी लॉगबुकात दिसायचं. त्यातून पदवीची इच्छा पुन्हा जागी झाली.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावरून बरीच मुलं फसतात. आपल्या देशात बी.ई. किंवा बी.टेक. घरबसल्या मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांत अभियांत्रिकी हा विषय दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षणातून वगळलेला आहे. त्याआधी ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणानं दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबद्दल कडक निकाल दिला होता. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली, आणि नंतरच्या तर रद्दच झाल्या. माझ्या ओळखीचे एक वडीलधारे अभियंते त्या निकालाच्या फेऱ्यात सापडले होते. केसं पिकल्यावर पुन्हा पुस्तकं घेऊन बसलेला तो माणूस मी पाहिला आहे. म्हणून "ऑनलाइन बी.टेक." अशी जाहिरात दिसली की मी आजही आधी नियम वाचायला सांगतो.

नोकरी करत अभियंता होण्याची वाट आपल्याकडं पूर्वीपासून होती. १९२० साली स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स'ची एएमआयई परीक्षा. वीज मंडळातले कितीतरी जुने अधिकारी कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून ती पास झाले. ना वर्ग, ना शिक्षक. नेमलेली पुस्तकं आणि स्वतःची जिद्द. पण ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच त्या परीक्षेची पदवीशी समकक्षता राहिली. मी विचारायला लागलो तोवर ते दार बंद झालं होतं.

आयआयटी मद्रासनं २०२० च्या जूनमध्ये ऑनलाइन पदवी जाहीर केली. पुढं तिचं नाव 'डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स'मधली चार वर्षांची बी.एस. असं झालं. ही बी.टेक. नाही, आणि संस्थाही तसं म्हणत नाही. मला त्यातल्या तीन गोष्टींनी ओढलं. बारावीऐवजी तीन वर्षांचा डिप्लोमा चालत होता. जेईई नव्हती, चार आठवडे शिकवतात, दर आठवड्याला गृहपाठ घेतात आणि शिकवलेल्यावरच पात्रता परीक्षा घेतात. आणि फी क्रेडिटप्रमाणे होती, जेवढे विषय घ्याल तेवढ्याचे पैसे. उत्पन्न आणि प्रवर्ग पाहून ७५ टक्क्यांपर्यंत सवलतही होती. पूर्ण पदवी १४२ क्रेडिटची, पण मध्येच थांबावं लागलं तर फाउंडेशनचं प्रमाणपत्र, डिप्लोमा, बी.एस्सी. असे टप्पे आहेत. ज्याच्या घरात उद्या काय होईल याची शाश्वती नसते त्याला अशा टप्प्यांची किंमत कळते. वाटेत थांबलो तरी रिकाम्या हातानं उतरावं लागणार नाही, एवढ्या भरवशावर मी अर्ज भरला.

वर्षाला तीन सत्रं : जानेवारी, मे आणि सप्टेंबर. जिनिंगवाल्यासाठी यातलं मे सत्र सोन्यासारखं. हंगाम संपलेला, रोलर आणि मोटरी उघडून ठेवलेल्या, संध्याकाळी वेळेवर घरी. तेव्हा मी विषय जास्त घ्यायचो. सप्टेंबरचं सत्र निम्मं शांत आणि निम्मं धावपळीचं, कारण शेवटची परीक्षा ऐन हंगामात यायची. जानेवारीत एखादाच विषय घ्यायचा. चार वर्षांचा अभ्यासक्रम मला त्याहून जास्त लागला, पण आठ वर्षांपर्यंत मुभा असल्यानं त्याचं दडपण आलं नाही. बरोबरीचे पुढं निघून गेले म्हणून वाईट वाटायचं, नाही असं नाही. तरी नोकरी करणाऱ्यानं आधी आपल्या धंद्याचं कॅलेंडर भिंतीवर लावावं आणि मग अभ्यासाचं त्यात बसवावं, हे माझं ठाम मत झालं आहे. उलटं करू गेलेले माझ्या ओळखीतले बहुतेक दुसऱ्या सत्रातच थांबले.

माझं शिक्षण मराठी माध्यमाचं. दहावीला मध्यक, मध्यगा, निश्चयक हे सगळं मराठीतून झालेलं. डिप्लोमाला इंग्रजी पुस्तकं होती, पण सर समजावायचे मराठीतच. इथं व्याख्यानं सरळ इंग्रजीत. पहिले काही आठवडे मी एकेक वाक्य थांबवून ऐकलं, खालची अक्षरं वाचली, मग वहीत मराठीत लिहिलं. व्हिडिओ थांबवता येतो, मागं नेता येतो, शिक्षक चिडत नाही. मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलासाठी वर्गापेक्षाही ही सोय मोठी आहे. पाचव्यांदा तेच विचारायला वर्गात मला धीर झाला नसता.

घरात मात्र एकट्याच्या जिद्दीवर काही होत नाही. बायकोनं पहिल्याच सत्रात सांगून टाकलं, "तुम्ही पहाटे बसा. रात्री तुमच्यानं होत नाही, नुसते डोळे चोळता." तेव्हापासून पहाटेची वेळ ठरली. मुलगी उठायच्या आधी गृहपाठ. पुढं ती तिसरी-चौथीत गेल्यावर तिची वही घेऊन शेजारी बसू लागली. आईला सुरुवातीला काळजी वाटायची. "बाबू, नोकरी हाय ना? मग परीक्षा कायले?" असं ती विचारायची. तिला पटेल असं उत्तर मला शेवटपर्यंत देता आलं नाही, पण परीक्षेला निघताना हातावर दही-साखर ती न चुकता ठेवायची.

मुख्य परीक्षा मात्र ऑनलाइन नसतात. प्रत्येक सत्रात दोन क्विझ आणि एक अंतिम परीक्षा, सगळ्या केंद्रावर जाऊन. करोनाच्या लाटा ओसरल्यावर हे नीट सुरू झालं. मी पुणे केंद्र घ्यायचो, कारण बहीण तिथं राहते. शनिवारी रात्री चिखलीहून ट्रॅव्हल्स, रविवारी परीक्षा, त्याच रात्री परतीची गाडी आणि सोमवारी ड्यूटी. या प्रवासाचा मला कंटाळा कधी आला नाही. केंद्राच्या दारात उभं राहिलं की आपण कुठल्या वर्गात आहोत ते कळायचं. सतरा-अठरा वर्षांची मुलं, कडेवरचं बाळ नवऱ्याकडं देऊन आत जाणारी बाई, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. एकदा पेपर संपल्यावर ते काका जिन्यातच थांबले आणि मला म्हणाले, "तुम्ही मोटरवाले ना? मला तो ग्रेडियंटचा प्रश्न उतारावरून सांगा पाहू." आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर उभे राहूनच तो सोडवला. त्यांच्याशी अजून फोन चालू असतात. घरी बसून शिकणाऱ्याला सोबतीची गरज वर्गातल्या मुलापेक्षा जास्त असते, हे मी त्यांच्याकडून शिकलो. नंतर परीक्षेच्या निमित्तानं भेटलेल्या प्रत्येकाचा नंबर घेऊ लागलो.

अभ्यासानं कामावर पहिला फरक पडला तो संख्याशास्त्रातून. आमच्या जिनिंगमध्ये एक जुने मिस्त्री होते, आवाजावरून मोटरीची तब्येत सांगणारे. मी नवा होतो तेव्हा ते म्हणायचे, "आवाज आयक बाबू, तोच सांगते." मला वाटायचं, हे खरं आहे का आणि असलं तर कितपत? अभ्यास सुरू झाल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्ही मीटर न बघता सांगायचं, मोटर भारी चाललीय की नाही. मी क्लॅम्प मीटरवर वाचून वहीत टिपणार. ते चटकन तयार झाले. हंगामाचे बरेच दिवस आम्ही हे केलं. बहुतेक वेळा त्यांचा कान बरोबर निघाला. चुकला तो एकाच ठिकाणी, ओळीच्या मधल्या जिनांपाशी, जिथं शेजारच्या दोन मोटरींचा आवाज एकमेकांत मिसळतो. हे त्यांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ वही बघत राहिले आणि मग म्हणाले, "मंग मधल्याइले मीटर लाव, कडेच्याइचं मी पायतो." कुशल कारागिराच्या अंदाजाची अशी पारख करता येते, आणि ती केल्यानं त्याचा मान वाढतो. आकडेवारी शिकून आलेली माणसं कारखान्यात पहिली चूक करतात ती अशा मिस्त्रींना बाजूला सारण्याची. त्यांचा कान हेही एक मोजमाप आहे. कुठं भरवशाचं, कुठं नाही, एवढंच शोधायचं असतं.

ओलाव्याच्या प्रश्नालाही तिथूनच वाट फुटली. कापसाचा ओलावा, व्होल्टेज, रोलरचा व्यास आणि करंट यांच्या नोंदी शेजारी-शेजारी मांडल्या तेव्हा पहाटेच्या ट्रिपिंगमध्ये ओलाव्याचा हात होताच, पण झिजलेल्या रोलरच्या जिनांवर तो कितीतरी जास्त दिसत होता. रोलर बदलायचा क्रम आम्ही त्यावरून ठरवला. शेठनी एकच विचारलं, "कशावरून?" मी वही पुढं केली. डिप्लोमात मला हे काम कसं करायचं ते शिकवलं होतं. शेठच्या त्या एका शब्दाचं उत्तर द्यायला मात्र पदवीच्या अभ्यासानं शिकवलं.

अभ्यासक्रमात व्यवसायाच्या आकडेवारीचा एक प्रकल्प असतो. खऱ्या धंद्याकडून खरी माहिती मिळवायची, मालकाची संमती घ्यायची, अडचण ओळखायची, उपाय सुचवायचा आणि शेवटी तोंडी परीक्षेत त्याचं समर्थन करायचं. मी बाजारातलं मोटर वाइंडिंगचं एक दुकान निवडलं. मालक माझा जुना मित्र. त्याची अडचण साधी होती, धंदा चांगला पण गल्ल्यात पैसा नाही. त्याच्याकडं कॉम्प्युटर नव्हता. होत्या त्या लाल कापडी बांधणीच्या वह्या. आलेली मोटर, गावाचं नाव, एचपी, काय जळालं, किती घेतले, किती उधार. त्या वह्यांचं टंकन करायलाच मला सबंध पावसाळा लागला, आणि माझ्या मते त्या प्रकल्पातलं सगळ्यात शिकवणारं काम तेच. 'पा. मो.' म्हणजे पाणबुडी मोटर, कुणाच्या नावापुढं गाव तर कुणाच्या पुढं फक्त 'पाटील', तारीख कधी मोटर आल्याची तर कधी नेल्याची. प्रत्येक संक्षेपासाठी मित्राशेजारी बसावं लागलं. वर्गात मिळणारे तक्ते धुऊन-पुसून दिलेले असतात. खरी माहिती अशी येते.

वह्यांत जळालेल्या मोटरी रब्बीत सर्वाधिक दिसत होत्या. मित्र म्हणाला, बरोबर, थंडीत व्होल्टेज पडतं. पण रब्बीत हरभरा-गव्हाच्या पाण्यासाठी मोटरी चालतातच जास्त. जास्त चालल्या म्हणून जास्त जळाल्या असतील, तर व्होल्टेजला दोष कसा देणार? चालू मोटरींची संख्या आमच्याकडं नव्हती. म्हणून मी प्रश्न बदलला. किती जळाल्या हे सोडून कशा जळाल्या ते पाहिलं. इथं डिप्लोमा धावून आला. तिन्ही फेजचं वाइंडिंग सारखं काळं पडलं असेल तर बहुधा भार किंवा कमी व्होल्टेज. आणि काही कॉइल शाबूत, बाकीच्या जळालेल्या असा पट्ट्यांचा नमुना दिसला तर एक फेज गेलेली असताना मोटर चालत राहिली. आमच्याकडं एक फेज नसली तरी कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवतात, कारण विजेची पाळी रात्रीची असते आणि पीक थांबत नाही. शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देणं मला कधी जमलं नाही. मित्राला दोन्ही नमुने नजरेनं ओळखता येत होतेच, फक्त वहीत तो लिहीत नव्हता. आम्ही एक रकाना वाढवला. पुढच्या हंगामात त्या रकान्यानं दाखवलं की एक फेज गेल्यानं जळालेल्या मोटरी ठरावीक गावांतून येतात. त्या गावांतल्या गिऱ्हाइकांना तो आता वाइंडिंगबरोबर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवायचा सल्ला देतो. त्यानं त्याच्याकडं येणाऱ्या मोटरी कमी होतील हे त्याला कळतं, तरी देतो.

गल्ल्यातल्या पैशाचं उत्तर वेगळ्या पानावर निघालं. तांब्याच्या तारेच्या वेगवेगळ्या गेजांची रिळं त्यानं भरून ठेवली होती, आणि मोठ्या रकमेचा माल वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या गेजांमध्ये अडकला होता. त्याला ते दाखवल्यावर तो लगेच म्हणाला, "ही तार तर मी बाबांच्या वेळेपासून ठेवतो." तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मला नेमकं हेच विचारलं : मालक जुनी सवय सोडेल कशावरून? मी सांगितलं, सगळी नाही सोडणार. खामगाव-जालन्याहून एका दिवसात मिळते ती तार ठेवायची नाही, एवढंच त्यानं मान्य केलंय. हे उत्तर त्यांना आवडलं असावं. पुढचे सगळे प्रश्न मग त्या दुकानाबद्दलच होते.

पदवीनं काय दिलं नाही तेही सांगतो. सरकारी कनिष्ठ अभियंत्याच्या जाहिरातीत विशिष्ट शाखेचा डिप्लोमा किंवा बी.ई.-बी.टेक. मागितलेलं असतं, तिथं माझी बी.एस. उपयोगी पडत नाही. गेटच्या परीक्षेला बसता येतं, पुढं शिकता येतं, खासगी कंपन्या घेतात, पण त्यांतल्या बऱ्याच पुण्या-बंगळुरूला बोलावतात. मला आईला सोडून जायचं नव्हतं. पगार एकदम वाढला नाही. मी आता जिनिंगची पूर्णवेळ नोकरी सोडून एका पॅनेल बनवणाऱ्याबरोबर काम करतो. मोटरींच्या करंटची मिनिटा-मिनिटाला नोंद घेणारी साधी यंत्रणा आम्ही जिनिंग आणि दालमिलांमध्ये बसवतो. हंगामात काम भरपूर, उन्हाळ्यात कमी. बेभरवशाचं आहे, पण आवडीचं आहे.

तंत्रनिकेतनातली मुलं-मुली अधूनमधून विचारायला येतात. परवा एक मुलगी आली होती, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, घरचं कृषी सेवा केंद्र सांभाळणारी. आयआयटी मद्रासनं २०२३ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स'ची अशीच बी.एस. सुरू केली आहे, ती तिला घ्यायची होती. त्यात प्रयोगशाळेसाठी चेन्नईला जाऊन राहावं लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं. आधी घरी तेवढं बोलून घे, उत्पन्नाचा दाखला काढून ठेव म्हणजे सवलतीला अडणार नाही, असं सांगितलं. दुकानाचा सगळ्यात गर्दीचा महिना कुठला, हेही विचारलं. ती म्हणाली, जून. पेरणीचं बियाणं आणि खतं तेव्हाच जातात. मग तू मे सत्र धरू नकोस, सप्टेंबरपासून लाग, आणि पहिल्या सत्रात दोनच विषय घे. तिनं वहीत लिहून घेतलं.